नाला बागेत घेतला: सिंगापूरच्या बिशान पार्कची केस

ताईचं घर आंग मो किओला, तिथून हा पार्क चालत सात-आठ मिनिटांवर. मी पुण्यात पावसाळी गटारं आणि नाल्यांची कामं करणारा सिव्हिलवाला, त्यामुळे सुट्टीवर गेलो तरी नजर गटारावरच जाते. भाची वैतागली, "मामा, सगळे लोक मरीना बेचे फोटो काढतात आणि तू नाल्याचे काढतोयस." पण तो नाला नव्हताच ना आता, हाच तर सगळा मुद्दा आहे. म्हणून ही केस नीट लिहून काढतोय, कारण हल्ली आपल्याकडे पण प्रत्येक उद्यानाला हवामान बदलाची उद्दिष्टं चिकटवायची पद्धत पडलीये, आणि उद्दिष्टं म्हणजे काय तर एवढी झाडं लावू, एलईडी दिवे लावू, सोलर बसवू, पालापाचोळ्याचं खत करू. हे सगळं करायला हवंच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण बिशानमध्ये जे खरं मोठं काम झालं ते या यादीत कुठेच बसत नाही.

आधी परिस्थिती काय होती ते. बिशान आणि आंग मो किओ या दोन मोठ्या सरकारी घरांच्या वसाहती, त्यांच्यामध्ये मोकळी पट्टी म्हणून १९८८ मध्ये हा पार्क केला. त्याच्या कडेनं कलांग नदी जाते. सिंगापूरची सगळ्यात लांब नदी, आणि ती जेमतेम १० किलोमीटर, आपल्याकडे हिला ओढा म्हटलं असतं. लोअर पिअर्स जलाशयातून निघते आणि खाली कलांग बेसिनमार्गे मरीना जलाशयाला मिळते. पूर येऊ नयेत म्हणून तिला आधीच काँक्रीटच्या कालव्यात घातलं होतं, सरळसोट, दोन्ही बाजूंना रेलिंग. एका बाजूला लोक जॉगिंग करतायत आणि रेलिंगपलीकडे खोल खड्ड्यात पाण्याची एक पातळ रेघ चाललीये असं ते दृश्य. दाजी तिथे खूप वर्षं राहतायत, ते म्हणाले की तेव्हा नदी आहे असं कुणी म्हणतच नव्हतं, सगळे कॅनॉलच म्हणायचे, आणि मुलांना पहिली ताकीद असायची की तिकडे जायचं नाही.

काँक्रीटचा कालवा नेमकं काय करतो? पाणी हाकलतो. आलं की काढ पुढे. गुळगुळीत पृष्ठभाग, सरळ रेषा, त्यामुळे वेग जबरदस्त, कमी रुंदीत भरपूर पाणी जातं आणि जमीन वाचते, म्हणून इंजिनियर लोकांना तो आवडतो, मलाही आवडायचा, कॉलेजात पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र घोकताना खडबडीतपणा हा आमचा शत्रूच होता. पण सगळ्या वस्त्यांनी आपापलं पाणी एकाच वेळी जोरात खाली ढकललं की खालच्या माणसाकडे ते सगळं एकदम पोचतं. आणि पाऊस जर आता कमी वेळात जास्त पडायला लागला, जो सिंगापूरमध्येही लागलाय आणि आपल्याकडेही, तर तोच कालवा अपुरा पडतो. मग काय करणार, भिंत अजून उंच करायची, तळ अजून खोल करायचा, परत दहा-वीस वर्षांनी तेच. जून २०१० मध्ये त्यांच्या ऑर्चर्ड रोडवर पाणी भरलं होतं, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी रोडवर गुडघाभर पाणी आणि दुकानांत बादल्या असं समजा. एवढं शिस्तीचं शहर, तरी.

दोन खाती आणि एक रेलिंग

केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि तो मला तरी सगळ्यात कमी वाचायला मिळाला, सगळे नंतर तिथे आलेल्या पाणमांजरांचे फोटो टाकतात. २००० नंतरच्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. पार्क जुना झाला होता, त्याचं नूतनीकरण करायचं होतं, ते काम एनपार्क्सचं, म्हणजे त्यांचं उद्यान खातं. कालव्याची क्षमता वाढवायची होती, ते काम पीयूबीचं, म्हणजे पाणीपुरवठा, मैलापाणी आणि पावसाळी पाणी सगळं सांभाळणारी एकच संस्था. आता नेहमीच्या पद्धतीनं काय झालं असतं ते तुम्ही-आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. उद्यानवाल्यांनी रेलिंगच्या आतल्या बाजूला नवे बाक, नवी कारंजी बसवली असती, नालेवाल्यांनी पलीकडे काँक्रीट वाढवलं असतं, दोन टेंडरं, दोन उद्घाटनं, आणि रेलिंगला नवा रंग.

तसं झालं नाही याला एक कारण २००६ चं. पीयूबीनं त्या वर्षी एक कार्यक्रम सुरू केला, नाव इंग्रजीतच आहे, ॲक्टिव्ह, ब्यूटिफुल, क्लीन वॉटर्स, थोडक्यात एबीसी. कल्पना अशी की देशभर कालव्यांचं आणि गटारांचं जे जाळं आहे ते नुसतं पाणी वाहून न्यायला वापरण्यापेक्षा त्याला लोकांच्या वापराची जागा करायची. यात परोपकार वगैरे नाहीये. सिंगापूरकडे स्वतःचं पाणी कमी, १९६२ च्या करारानं मलेशियाच्या जोहोरमधून पाणी घेतात आणि तो करार २०६१ ला संपतो. म्हणून शहरावर पडलेला पाऊस हेच त्यांचं धरण, देशाच्या जवळपास दोन तृतीयांश जमिनीवरचं पाणी जलाशयांत जातं आणि ते शुद्ध करून पितात. म्हणजे बिशानच्या पार्कमधून जे पाणी वाहतं ते शेवटी नळाला येतं. ज्या नाल्याचं पाणी प्यायचंय त्यात लोक कचरा टाकणार नाहीत, पण त्यासाठी आधी तो नाला लोकांना दिसला पाहिजे, त्याच्या काठावर बसता आलं पाहिजे. हा हिशोब मला फार पटला, आपण नेमकं उलटं करतो, नाला घाण आहे म्हणून झाकतो, आणि झाकला की तो आणखी घाण होतो कारण कुणी बघतच नाही.

तर दोन्ही खात्यांनी मिळून रेलिंग काढायचं ठरवलं. डिझाइन केलं अटेलियर ड्रायझाइटल या जर्मन ऑफिसनं. काम २००९ ला सुरू झालं, मार्च २०१२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली शियन लूंग यांच्या हस्ते पार्क परत उघडला. खर्च साधारण ७ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलर. स्वस्त नाहीये हे, आधीच सांगून ठेवतो.

केलं काय

२.७ किलोमीटरचा सरळ कालवा फोडला आणि त्याच्या जागी साधारण ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी केली. जागा तेवढीच, लांबी वाढली, कारण नदी आता नागमोडी जाते. आधी रुंदी १७ ते २४ मीटर होती, आता जोराचा पाऊस झाला की पाणी पसरत पसरत जास्तीत जास्त जवळपास १०० मीटरपर्यंत जाऊ शकतं. एरवी मधला छोटा प्रवाह आणि दोन्ही बाजूंना उताराचं गवत, तिथे लोक डबे घेऊन बसतात, पोरं बॉल खेळतात, कुत्री पळतात. पाऊस आला की तेच गवत नदीचं पात्र. पूर्वीपेक्षा पाणी वाहून न्यायची क्षमता साधारण ४० टक्क्यांनी वाढली.

आता माझ्यासारख्याला इथे प्रश्न पडतो की काठ खडबडीत केले, वळणं दिली, म्हणजे पाण्याचा वेग कमी झाला, मग क्षमता वाढली कशी? उत्तर साधं आहे, रुंदी. वेगात जे गमावलं ते पसरायला जागा देऊन भरून काढलं आणि वर थोडं जास्तच मिळवलं. शिवाय पाणी हळू गेलं की खालच्या भागात सगळं एकदम पोचत नाही, पुराचं टोक बोथट होतं. हे फुकट झालेलं नाही, त्याची किंमत जमिनीत मोजलीये, आणि जमीन उपलब्ध होती कारण शेजारी बाग होती. नाला एकटा असता तर १०० मीटर कुठून आणणार होते? बाग एकटी असती तर तिला पाणी कुठून मिळणार होतं? दोघांची अडचण एकमेकांकडे सुटली.

दुसरी गोष्ट काठांची. मातीचे काठ आणि विषुववृत्तावरचा धो धो पाऊस, वर्षाला २१०० मिलिमीटरच्या वर पडतो तिथे, पुण्यात साधारण ७५० धरा. माती वाहून जाणारच. म्हणून त्यांनी झाडांच्या मुळांनी आणि थोड्या दगडानं काठ बांधायची पद्धत वापरली. फांद्यांच्या मोळ्या करून उतारावर आडव्या पुरायच्या, त्यांना फुटवे येतात आणि मुळं माती धरतात. जाळीत दगड भरून त्यात झाडं लावायची. माती कापडात गुंडाळून थरावर थर रचायचे. आपल्याकडे बांधावर निरगुडी लावणारा शेतकरी यातलं अर्धं तुम्हाला हसत हसत सांगेल. पण सिंगापूरमध्ये हे असं आधी कुणी केलं नव्हतं, पुस्तकातली माहिती सगळी युरोपातली, तिथली झाडं वेगळी, पाऊस वेगळा. मग काय केलं, तर २००९ मध्ये पार्कमधल्याच ६० मीटरच्या एका छोट्या नाल्यावर दहा वेगवेगळ्या पद्धती करून बघितल्या. कुठली मुळं धरतात, कुठली वाहून जातात. त्यातल्या ज्या चालल्या त्याच मग मोठ्या नदीला वापरल्या. मला या केसमधलं एकच पान फाडून खिशात ठेवायला सांगितलं तर मी हे साठ मीटर ठेवेन. आपल्याकडे पायलट म्हणजे मुख्य कामाचा पहिला टप्पा असतो, बिल निघण्यापुरता. इथे पायलटमध्ये फेल व्हायची मुभा होती.

फोडलेल्या काँक्रीटचं काय केलं? ट्रक भरून बाहेर फेकलं नाही. त्याचे तुकडे वापरून पार्कमध्येच एक टेकाड केलं, रिसायकल हिल म्हणतात, भाची तिथे वर चढून बसते. काही तुकडे काठाला वापरले. कार्बनचा हिशोब करायचाच असेल तर तो इथून सुरू करायला हवा. सिमेंट बनवताना जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के बाहेर पडतो. नवा कालवा ओतला नाही, जुना राडारोडा वाहून नेला नाही, ही बचत खरी. झाडांचं म्हणाल तर एक मोठं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड धरतं असा ढोबळ आकडा वापरतात, म्हणजे हजार झाडांचे वीस टन. सिंगापूरमधल्या एका माणसाच्या वाट्याला वर्षाला आठ-नऊ टन येतात. हजार झाडं, दोन-अडीच माणसं. झाडं लावू नका असं म्हणत नाहीये मी, पण उद्यानाचं हवामानाचं काम म्हणजे कार्बन शोषणं असं ज्यांनी फलकावर लिहिलंय त्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा. उद्यानाचं खरं काम पाणी थांबवणं, सावली देणं आणि आजूबाजूचं तापमान उतरवणं.

वरच्या भागात, मेरीमाउंट रोडच्या पलीकडे तळ्यांची बाग आहे, तिथे पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून पाणी फिरवून साफ करतात, रसायनं न घालता. खाली दगडगोटे आणि वाळू, वर झाडं, मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. लहान मुलांच्या पाण्याच्या खेळांनाही तिथलंच पाणी वापरतात, त्याला वरून अतिनील किरणांची प्रक्रिया. त्यामुळे तिथे पंप आहेत, वीज लागते, सगळं काही निसर्गावर सोडलेलं नाही.

आणि धोक्याची सोय. पूरमैदानात लोकांना बसू द्यायचं म्हणजे पाणी वाढलं की त्यांना उठवायला हवं. पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, लाल दिवे, भोंगा, सूचना. एकदा आम्ही खाली दगडांवर होतो, आभाळ भरून आलं, ताई म्हणाली चला वर. अजून एक थेंब पडला नव्हता. मी म्हटलं थांब की दोन मिनिटं, तर ती म्हणाली इथे पाऊस वर कुठे पडतोय ते बघायचं, डोक्यावर नाही. नाशिकला गोदेकाठी वाढलेली बाई ती, तिला कोण शिकवणार. पंधरा-वीस मिनिटांत ज्या दगडावर भाची उभी होती तो दिसेनासा झाला.

निकाल, आणि मला न पटलेलं

दोन वर्षांत जैवविविधता ३० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे, ५९ जातींचे पक्षी, २२ जातींचे चतुर (ड्रॅगनफ्लाय), ६६ जातींची रानफुलं, आणि हे सगळं बाहेरून आणून न सोडता. सरळ कालव्यात राहायला जागाच नसते, वळण आलं की बाहेरच्या बाजूला डोह होतो, आतल्या बाजूला उथळ होतं, कुठे गाळ साचतो, कुठे दगड उघडे पडतात, प्रत्येकाला आपापलं घर मिळतं. पाणमांजरं पण आली, एक कुटुंब तर बिशानच्याच नावानं देशभर प्रसिद्ध झालं, नंतर ते खाली मरीनाकडे सरकलं. डासांची भीती होती, डेंग्यू तिथे गंभीर विषय आहे, पण वाहत्या पाण्यात डेंग्यूचा डास सहसा वाढत नाही आणि चतुरांची पिल्लं व मासे अळ्या खातात. वर्षाला येणाऱ्या लोकांची संख्या दुप्पट झाली. २०१२ मध्येच जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातल्या सर्वोत्तम लँडस्केपचा पुरस्कार मिळाला.

गंमत म्हणजे सिंगापूरचा मोठा हरित आराखडा, ज्यात २०३० पर्यंत दहा लाख झाडं आणि प्रत्येक घरापासून दहा मिनिटांच्या चालण्यावर पार्क अशी उद्दिष्टं आहेत, तो जाहीर झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये. पार्क त्याआधी नऊ वर्षं उघडलेला. उद्दिष्टं नंतर लिहिली गेली.

न पटलेलं पण सांगतो. पार्कच्या बाहेर पडलं की कलांग नदी बऱ्याच ठिकाणी अजून काँक्रीटमध्येच आहे, तीन किलोमीटर नदी आणि पुढे परत गटार, नकाशावर बघितलं तर थोडं हसू येतं. हिरवळी फार मोठ्या आहेत, त्या कापायला सतत मशीन चालू, तो आवाज आणि ते इंधन कुठल्या रकान्यात टाकतात कोण जाणे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे मॉडेल उचलून आपल्याकडे आणता येत नाही. इथले सल्लागार प्रेझेंटेशनमध्ये बिशानची स्लाइड टाकतात आणि पुढच्या स्लाइडवर आपला नाला निळ्या रंगात दाखवतात, तेव्हा माझं डोकं उठतं.

कारण सिंगापूरमध्ये मैलापाणी वेगळ्या पाइपनं जातं आणि पावसाचं वेगळ्या. काटेकोर वेगळं. म्हणून नदी उघडी केली तर आत पाणी निघालं. आपला ओढा उघडा केला तर आत काय निघेल? आपल्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने ओढ्यात जे वाहतं ते कुणाच्या तरी बाथरूममधून आलेलं असतं. त्याच्या काठावर मुळं लावा नाहीतर संगमरवर लावा, वास तोच. आधी मैल्याची लाइन, मग नदी. हा क्रम उलटा केला तर करोडो रुपयांचं गवत होईल. दुसरं, तिथे ती जमीन सरकारी आणि मोकळी होती, काठावर कुणाची वस्ती उठवावी लागली नाही. आपल्याकडे रुंदी मागितली की पहिल्यांदा झोपडीवर बुलडोझर जातो, आणि काठावरच्या टॉवरची कंपाउंड वॉल मात्र नकाशात आधीपासूनच असते.

पण रुंदीचा धडा तरी घ्यायला काय हरकत आहे? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र ज्यांनी पुण्यात काढली त्यांना आंबील ओढ्याबद्दल वेगळं सांगायला नको. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत पाणी घराघरात घुसलं, भिंती कोसळल्या, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आपण काय बांधलं, तर सीमाभिंती. भिंत बांधली की शेजारच्या घराला धीर येतो हे खरं, मी स्वतः तशा भिंतींची ड्रॉइंग केलीत. पण भिंत म्हणजे परत तोच कालवा, पाणी खालच्याकडे ढकललं. याच ओढ्याचं पाणी पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी वळवून तळं केलं होतं, तळ्यातला गणपती त्यातलाच, आणि आज आपण जिथे भेळ खातो ती सारसबाग म्हणजे त्या तळ्याची जागा. पाण्याला पसरायला जागा कुठे होती हे शोधायला सिंगापूरला जायची गरज नव्हती खरंतर, पण मला तिथे गेल्यावर सुचलं हेही खरं.

परत आल्यावर मी घराजवळच्या एका बागेत गेलो, नाव नाही घेत. ओढ्याला लागून आहे. सकाळी टँकर उभा होता, माळीकाका पाइप धरून झाडांना पाणी घालत होते, आणि भिंतीपलीकडे आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी धडाधड वाहून चाललं होतं, आवाज बागेत स्पष्ट येत होता. मी विचारलं, काका, ही भिंत थोडी मागे घेतली, इथे उतार केला तर? त्यांनी पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. "अहो साहेब, भिंत आमच्या खात्याची नाही. ती ड्रेनेजची."